बाबांच्या डब्याला कोण हाक मारतं?

वेसावे कोळीवाडा,
रविवार दुपार (आई बाजारात, बाबा टीव्हीसमोर घोरतायत, म्हणून लिहायला वेळ सापडला)

तीर्थस्वरूप विनिता मावशी,

तुला आणि काकांना तुझ्या सगळ्यात घाबरट भाचीचा वाकून नमस्कार. तुमच्या केतनला आशीर्वाद, पण पत्र त्याच्या हातात देऊ नकोस. इकडे सगळं छान चाललंय असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, तू वाच आणि पुढे हो. तुझा खांदा कसा आहे? हात डोक्यापर्यंत जातो का आता, की अजून वेणी काकाच घालतात? (घालत असतील तर घालू देत, खांदा बरा झाला तरी बोलू नकोस.) काकांच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? की अजून "एवढं लग्नसराईचं गिऱ्हाईक उरकू दे" म्हणून घड्याळांच्या दुकानातच बसलेत? तुझ्या सासूबाई माझं लग्न जमलं का म्हणून विचारत असतीलच. त्यांना सांग, नेत्राची नोकरी जायची वेळ आलीये, आधी ते बघू, मग लग्नाचं.

हो मावशी, नोकरी. उद्या सोमवारी निकाल आहे. तू म्हणशील, मग फोन का नाही केलास? फोन केला की केतन उचलतो, स्पीकरवर टाकतो, आणि तुझं-माझं बोलून व्हायच्या आत आईला घाटकोपरहून उलट फोन जातो. मेसेज केला तरी तेच. आणि हे आईला अजिबात कळता कामा नये. कळलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात जाईल आणि बाबांना धक्क्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून कागद. तुझ्यासाठी बोंबील वाळत घातलेत, त्या पिशवीच्या तळाशी हे पत्र घालून पाठवते. वास आला तर पत्राला दोष देऊ नकोस.

मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नक्की काय करते, हे तू दर गणपतीत विचारतेस आणि मी दर गणपतीत "वायरलेसचं काहीतरी" म्हणून मोदक तोंडात कोंबते. आज नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बघ, आपला मोबाइल सतत कान टवकारून बसलेला असतो, म्हणून तो रोज चार्ज करावा लागतो. ऐकणं फुकट नसतं गं, ऐकण्यातच किती वीज जाते. (हे आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, मग तुझ्या बापाची वीज कधीच संपायची नाही.) मी बनवते तो रिसिव्हर झोपतो, पण एक कान उघडा ठेवून. आत्ता बाबा टीव्हीसमोर घोरतायत ना, खुशाल भांडी आपट, हलणार नाहीत. पण कोणी रिमोटला हात लावू दे, डोळे न उघडता म्हणतील, "राहू दे, बघतोय मी." तसाच माझा रिसिव्हर. त्याची ठरलेली हाक आली तरच जागा होणार, नेमून दिलेलं काम करणार आणि पुन्हा झोपणार. हातातल्या घड्याळाला जेवढी वीज लागते त्याच्या शंभराव्या हिश्शात तो ऐकत पडून राहतो. नाण्याएवढ्या एका सेलवर पाच वर्षं चालेल, असं मी आमच्या मालकांना, अल्पेशभाईंना, छातीठोकपणे सांगून बसलेय. अडचण एवढीच की कान फार तिखट केला तर तो कशानेही दचकून उठतो आणि सेल खाऊन टाकतो, आणि कान जाड केला तर ठार बहिरा होतो. या दोन्हीच्या मधली जागा शोधता शोधता त्याला झोप लागायला लागली आणि माझी उडाली.

हे रिसिव्हर बसवायचे कुठे, तर बोटींवरच्या बर्फाच्या खणात. खणाच्या झाकणाखाली एक छोटा डबा टांगायचा. डबा बर्फ किती थंड आहे ते मोजून ठेवणार. बोट परत येताना खाडीच्या तोंडाशी पोचली की धक्क्यावरचं आमचं यंत्र हाक मारणार, डबा जागा होऊन सगळं सांगून टाकणार, आणि बोट लागायच्या आत खाली थांबलेल्या बायकांना कळणार की मासळी कशी आहे, बाजारात कुठे पाठवायची. एका बर्फ पुरवणाऱ्या कंपनीला ही कल्पना आवडली, त्यांना हजार डबे हवेत. अल्पेशभाई म्हणाले, तुझ्या गावात चार-पाच बोटींवर लावून दाखव. मी खूश. (मला बर्फाशी काय देणंघेणं! मला एवढंच दिसत होतं की डबा बोलला म्हणजे बाबा खाडीत आले. पण हे मी अल्पेशभाईंना कशाला सांगू?)

तुला माहीतच आहे, आमच्या घरात बाबा निघाले की संपलं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. इतर लोक हे उंबऱ्यापुरतं पाळतात, अपशकुन होऊ नये म्हणून दोन मिनिटं गप्प बसतात. आमचे बाबा, म्हणजे बोट चालवणारे हरेश्वर तांडेल, परत येईपर्यंत पाळतात. बोट सुटली की मोबाइल बंद करून बोटीवरच्या एकवीरा आईच्या तसबिरीमागे ठेवतात. बोटीवर वायरलेस सेट आहे, पण त्यावर तांडेलाने तांडेलाशी वाऱ्यापावसाचं बोलायचं, घरच्यांनी त्यात तोंड घालायचं नाही. ब्लडप्रेशरची गोळी विसरले तरी आई नुसती दारात उभी हात चोळत राहते. दहा-दहा दिवस आम्ही दोघी काय काय विचार करून मरतो ते आमचं आम्हाला ठाऊक. तर डबा घेऊन मी गेले तेव्हा बाबांनी पहिलं हेच विचारलं, की बोट सुटल्यावर तू याला मागून हाक मारणार? मी म्हटलं, छे! तुम्ही परत येताना मारणार, म्हणजे समोरून. आणि मारणार ती डब्याला, तुम्हाला नाही. बाबांनी समुद्राकडे बघत परवानगी दिली. (माझ्या रिसिव्हरला खाडीच्या पलीकडचं ऐकूच येत नाही, तेव्हा हे वचन देताना माझं काहीच गेलं नाही.)

पहिल्या फेरीला झकास झालं. बोट खाडीच्या तोंडाशी आली, यंत्राने हाक मारली आणि बाबांच्या खणात डबा "टीं" करून वाजला. डब्यात एक बारकी पिपाणी आहे, नुसती चाचणीपुरती, हाक ऐकली हे माणसाला कळावं म्हणून. बोटीवर कृणाल होता. आपला कृणाल गं, बाबांच्या चुलतभावाचा मुलगा, दोन पोरांचा बाप झालाय आता. तो ओरडला, "तांडेल, नेत्रा बोलावतेय!" मी धक्क्यावर उभी राहून एवढी नाचले की लोकांना वाटलं लाखमोलाचा घोळ मासा लागला.

आणि दुसऱ्या फेरीला डबा मुका. उघडला तर सेल संपलेला. पाच वर्षांचा सेल एका फेरीत! मी नवा घातला. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. बाकीच्या बोटींवरचे डबे ठणठणीत, फक्त आमच्या घरच्या बोटीवरचा मरतोय. मावशी, माझी काय अवस्था झाली असेल बघ. याचा अर्थ एकच, बाबांच्या बोटीवर काहीतरी असं होतं जे माझ्या रिसिव्हरला खोटी हाक मारत होतं आणि तो बिचारा दर वेळी उठून "टीं" करत होता. मी आधी इंजिनाच्या वायरी तपासल्या. मग मासे शोधायचं यंत्र. मग माझी नजर गेली एकवीरा आईच्या तसबिरीभोवतीच्या लुकलुकणाऱ्या माळेवर. ती स्वस्तातली माळ चालू असली की शेजारच्या रेडिओत खरखर होते, हे मी स्वतः ऐकलेलं. मी बाबांना न विचारता माळ काढली. बोट निघायच्या वेळी बाबा पाया पडायला गेले तर देवी अंधारात! त्यानंतर जे झालं ते लिहीत नाही. माळ परत लागली, मला देवीला नारळ द्यावा लागला, आणि आई पूर्ण आठवडा माझ्याशी फक्त भांड्यांतून बोलली. आणि सेल? तो त्या फेरीलाही संपलाच.

मग मी धक्का तपासायला घेतला. एका काठीला तारेचं कडं बांधून, हातात मीटर धरून मी जेटीवरून फिरत होते, हवेत कुठून हाक येतेय का बघायला. कुणाच्या दारावरची वायरलेस बेल असेल, देवळाचा नवा माईक असेल, नाहीतर लग्नाआधीचे फोटो काढायला येतात त्यांचं ते उडतं यंत्र असेल. काठी धरून निम्मा धक्का झाला असेल-नसेल, तेवढ्यात मासळी सुकत घालणाऱ्या बायकांनी मला घेरलं. पुढे विमलाकाकी, कमरेवर हात. मासळी वाळवायच्या जागेवरून जाणाऱ्या रस्त्याच्या सर्व्हेवाल्यांनी आतापर्यंत असंच काठ्या धरून धरून मापं घेतली होती, आणि आता हरेश्वरची पोरच काठी घेऊन आलीये म्हटल्यावर काकीचा पारा चढला. मी म्हटलं, काकी, मी हाक शोधतेय. हे ऐकून तर ती आणखीनच घाबरली. मला बोंबील टांगायच्या वलांडीखाली बसवलं, पाणी पाजलं, कपाळाला अंगारा लावला आणि आईला बोलावणं धाडलं. मला आजवर कधी बाहेरचं काही लागलं नव्हतं, तेवढंही त्या दिवशी लागून उतरलं.

इकडे चारकोपला वेगळीच तऱ्हा. त्यात पहिल्या फेरीनंतर आमचं एक हाकेचं बटण हरवलं होतं. डबा जवळून तपासायला गाडीच्या किल्लीला असतं तसं एक छोटं बटण असतं, ते दाबलं की डबा वाजतो. माझ्या बॅगेतलं असं एक जादाचं बटण सापडेना. मी ते ऑफिसात पडलं असं सांगितलं, सगळ्यांनी टेबलं हलवली, यज्ञेशने तर स्वतःची बॅग उलटी करून दाखवली आणि मी नको म्हणत असताना ती परत भरतानाही सगळ्यांना बघायला लावलं. (यज्ञेश म्हणजे पवईच्या आयआयटीतून आलेला माझ्या बरोबरीचा इंजिनिअर. हुशार आहे, त्याबद्दल वाद नाही, तोही घालत नाही.) मेलेले डबे मी टेबलावर मांडले की सगळ्या गाळ्यात मासळीचा वास सुटतो. अल्पेशभाई कांदासुद्धा न खाणारे, पण नाकाला रुमाल लावून शेजारी बसतात आणि म्हणतात, "नेत्रा, इंजिनिअरिंग इज इंजिनिअरिंग." चांगला माणूस आहे. फक्त त्यांच्या पोटात काही राहत नाही. गिऱ्हाइकाला चहा सांगितला की चहा यायच्या आत मागच्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगून मोकळे.

तर शुक्रवारी मीटिंग झाली. अल्पेशभाई म्हणाले, चार-पाचांतला एक मरतो तर हजारांतले किती मरतील? यज्ञेश म्हणाला, सोपं आहे, त्याला बहिरा करू. कान जाड केला की खोट्या हाका बंद. मी म्हटलं, मग खाडीच्या तोंडाची हाकही ऐकू येणार नाही. तो म्हणाला, धक्क्याला बोट लागली की ऐकेल ना. अरे, धक्क्याला लागल्यावर डबा कशाला हवाय, बर्फात हात घालून बघता येतं! पण अल्पेशभाईंना ते पटत चाललं होतं. सोमवारी बर्फवाली कंपनी येतेय. तोपर्यंत मी सेल का मरतो ते दाखवलं तर ठीक, नाहीतर रिसिव्हर यज्ञेशच्या हवाली, आणि मी पंख्याच्या रिमोटच्या खात्यात. मावशी, पंख्याचे रिमोट! त्यांच्यासाठी एवढं शिकले का मी? आणि माझं जाऊ दे. बहिरा डबा खणात टांगला तर आम्ही दोघी पुन्हा तशाच, धक्क्यावर बोट दिसेपर्यंत डोळे ताणत बसायच्या.

काल बाबा परत आले. डबा मुका. जेवून बाबा आडवे झाले आणि आईने मला त्यांचे समुद्रावरचे कपडे भिजवायला सांगितले. शर्टाच्या वरच्या खिशात काहीतरी टणक लागलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेलं. उघडलं तर माझं हरवलेलं बटण.

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? वाटलं, बाबा मुद्दाम माझं काम बिघडवतायत. त्यांना डब्याला हाक मारणं मनापासून नको होतं, तोंडाने हो म्हणाले आणि मागून सेल संपवतायत. मला असा राग आला, असा राग आला की शर्ट तसाच बादलीत टाकून मी धक्क्यावर कृणालकडे गेले. तो फाटलेलं जाळं तुणत बसला होता. बटण दाखवलं तर त्याचा चेहराच पडला. म्हणाला, तांडेलाने शपथ घातलीये. मी म्हटलं, माझी नोकरी चाललीये, शपथ काढ बाजूला. मग हळूहळू एकेक सांगायला लागला.

जाळी टाकून झाली आणि सगळे जरा आडवे झाले की बाबा खणापाशी जातात, खिशातून ते पुडकं काढतात आणि बटण दाबतात. आत डबा "टीं" करतो. मग बाबा खणात वाकून म्हणतात, "आयलो, आयलो." आणि परत सुकाणूवर जाऊन बसतात. मग पुन्हा थोड्या वेळाने उठतात. दिवसभर हेच. सुरुवातीला खलाशी तोंड दाबून हसायचे, आता हसत नाहीत, कारण सेल संपून डबा गप्प झाला की तांडेलाचा मूड जातो, कुणाशी धड बोलत नाही, चहालाही नाव ठेवतो. कृणाल म्हणाला, नेत्रा, तू काय इंजिनिअर आहेस गं, जरा जास्त टिकणारा सेल घाल ना, आम्ही सगळे त्या डब्यासाठी देवाला हात जोडतो.

मावशी, मी तिथेच जाळ्यावर बसून रडले. हुंदके देऊन रडले, लपवत नाही. मागून हाक मारायची नाही म्हणून आम्हाला जन्मभर गप्प बसवणारा माणूस स्वतः खिशात हाक घेऊन जातो! आणि तिला ओ पण देतो! मला, म्हणजे मी हाक मारतेय असं समजून. आणि मी तिकडे देवीची माळ काढत होते. कृणाल बिचारा घाबरला, त्याला वाटलं नोकरी गेलीच.

तर आता सांग, उद्या काय करू? रिसिव्हर माझा निर्दोष आहे, एकदम निर्दोष, प्रत्येक खरी हाक त्याने ऐकली. पण हे सिद्ध करायचं तर बाबांचं सांगावं लागेल. अल्पेशभाई हसतील, प्रेमाने हसतील, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बर्फवाल्यांच्या प्रत्येक ट्रकबरोबर वेसावा, मढ, भाटी सगळीकडे पोचेल. ज्या तांडेलाला सगळी बोट घाबरते तो डब्याशी बोलतो! बाबा पुन्हा त्या बटणाला हात लावणार नाहीत. आणि नाही सांगितलं तर यज्ञेश डब्याचे कान कापणार. रात्रभर मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजूंनी घाम फुटला. बटण मी धुतलेल्या शर्टाच्या खिशात परत ठेवलंय, ते आधी. बाकी मला काही सुचत नाही. तू आमच्या घरातली एकटीच शांत डोक्याची आहेस. (आई म्हणते की तू शांत नाहीस, तुला उशिरा कळतं. मी असं म्हणत नाही.)

खांद्याला शेक चालू ठेव. आलीस तर ताजे बोंबील, नाही आलीस तर हे सुके आहेतच.

तुझी, जी आत्ता नखं खात लिहितेय ती,
नेत्रा

ता.क. (सोमवार संध्याकाळ) बोंबील अजून ओले आहेत म्हणून पत्र इथेच. मी पिपाणीचं सांगितलं. म्हटलं, सेल रिसिव्हर नाही खात, पिपाणी खाते, चाचणी संपल्यावर ती काढायला हवी होती. हे खोटं नाही, सगळ्यात जास्त वीज तीच खाते. अल्पेशभाईंनी विचारलं, मग एकाच डब्यात का? मी म्हटलं, त्या डब्यात माझं सोल्डरिंग कच्चं होतं. हे मात्र खोटं. माझं सोल्डरिंग, मावशी! सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. यज्ञेश सहानुभूतीने बघत होता, ते सगळ्यात जास्त लागलं. पण बर्फवाले म्हणाले, पिपाणी नको, डबे पाठवा. कान शाबूत राहिले, नोकरीही. सगळ्या डब्यांच्या पिपाण्या काढायच्या असं ठरलं. मी मान डोलावली.

ता.क. २ (गुरुवार) बोंबील वाळले, पण हे लिहिल्याशिवाय पाठवत नाही. बाबांना कुठूनतरी कळलं की डब्यापायी माझ्या नोकरीवर आलं होतं. (कृणाल! त्याच्याही पोटात काही राहत नाही.) आज सकाळी उठते तर माझ्या टेबलावर ते पुडकं, रबरासकट. आणि बोट सुटलेली. मी धक्क्यावर धावले तर बोट खाडीच्या मध्यावर, पाठमोरी. हाक मारायची तर मागून, आणि ती मी मेले तरी मारणार नव्हते. समोर मढची फेरीबोट सुटत होती, तिच्यात उडी मारली. त्यात दोन स्कूटर, भाजीवाल्या आणि फोटो काढायला निघालेली एक नवरी पायघोळ झग्यात. फेरीबोटवाल्याला म्हटलं, बाबांच्या बोटीच्या पुढून काढ. तो काढेना, मी रडवेली झाले, नवरी म्हणाली "काढा ना काका", आणि त्याने काढली. बाबांनी मला समोर बघितलं आणि इंजिन हळू केलं. कृणालने टोपली पुढे केली, मी पुडकं टाकलं. बाबा समुद्राकडेच बघत होते, जसं काही मी फेरीबोटवाल्याची कोणी लागते. मीही नवरीच्या झग्याकडे बघत होते. फेरीबोट वळली आणि बाबांच्या बोटीतून "टीं" ऐकू आलं. आमच्या डब्यातली पिपाणी मी काढलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

ता.क. ३ म्हणजे आता मुद्द्याचं. ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते असं, की काकांच्या दुकानात घड्याळाचे सेल घाऊक येतात. नाण्यासारखा मोठा असतो, तो. दर फेरीला मला एक नवा लागणार आणि ऑफिसातून घेतला तर यज्ञेश विचारणार. पाच वर्षं टिकणारा रिसिव्हर बनवणारीने सेल मागितले म्हणून काका हसतील, हसू दे, पण कशाला हवेत ते सांगू नकोस. आणि आईला तर मुळीच नाही.

विनू, मी मंजुळा. बोंबील भरताना पोरीचं पत्र सापडलं. नेत्राला बोलू नको. बटण तिच्या बॅगेतून मीच काढलेलं, तुझ्या भाओजींच्या खिशात मीच टाकलेलं. सांगितलं त्याला, मागून हाक मारता येत नाय ना, तर ही घेऊन जा बरोबर, माझी म्हणून. तो खणात वाकून आयलो बोलतो ते मला बोलतो, पोरीला नाय. पण तिला तसं वाटतंय तर वाटू दे. सेल मोठ्या पाकिटातले पाठव.